ताप सांगा, रानही सांगा

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला रानाची भीती वाटते ती वाघाची, अस्वलाची आणि सापाची. त्यात वावगं काही नाही. म्हणूनच मोहफुलं वेचायला पहाटे निघणाऱ्या बाया टोळीनं जातात, तेंदूपत्ता तोडणारे एकमेकांना हाका देत राहतात. पण रानात काही जीव असेही आहेत, की ते ओरडत नाहीत, सहसा दिसत नाहीत आणि चावले तरी दुखत नाही. त्यांचा परिणाम अंगावर उमटतो तोवर आपण रानात गेलो होतो हेच विसरून गेलेलो असतो. आज बोलायचं आहे ते या जीवांविषयी.

पहिली गोचीड. गुराढोरांच्या घरात ती नवी नाही. बैलाच्या कानात, गाईच्या आचळाजवळ, कुत्र्याच्या मानेवर आपण ती रोज पाहतो. गोचीड कीटकांत मोडत नाही, ती कोळ्याच्या नात्यातली. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासाची आणि उबेची जाणीव तिला त्या पायांवरच्या इंद्रियानं होते. पायजमा पात्याला घासला, की ती चिकटलीच. तिच्या लाळेत बधीर करणारी द्रव्यं असतात, म्हणून चावल्याचा पत्ता लागत नाही.

दुसरा जीव तिचाच धाकटा भाऊबंद. त्याला इंग्रजीत माइट म्हणतात. त्याचं पिल्लू मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारं. उंदरांचा वावर असलेल्या झुडपांत, गवतात, धुऱ्यावर ते राहतं. ते चावल्यानं होणारा आजार म्हणजे स्क्रब टायफस. नावात टायफस असलं तरी दूषित पाण्यानं होणाऱ्या टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असंख्य सैनिक या तापानं आजारी पडले होते. आपल्याकडे 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली, माणसं दगावली, आणि विदर्भाच्या घराघरांत हे नाव पोचलं.

या आजाराची खरी खोच वेळेत आहे. चावा आज बसतो, ताप येतो साधारण दहा दिवसांनी. कधी सहा, कधी वीस. मधल्या काळात रोवणी आटोपलेली असते, किंवा चांदपूरच्या तलावावरची सहल होऊन मुलं शाळेत गेलेली असतात. मग थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. पावसाळ्याचे दिवस, म्हणून घरचे म्हणतात मलेरिया असेल, डेंग्यू असेल. कुणी औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणतं. त्या गोळ्या पेनिसिलिनच्या कुळातल्या असतील तर या जंतूंवर त्या चालत नाहीत. ताप रेंगाळतो आणि दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांवर येऊन ठेपतो.

दुःखाची गोष्ट ही, की या आजारावरचं औषध दुर्मीळही नाही आणि महागही नाही. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध. वेळेवर सुरू झालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. ते डॉक्टरांनीच द्यायचं. गरोदर बाईसाठी वेगळा विचार करावा लागतो. पण डॉक्टरांना संशय यायला हवा, आणि तो येण्यासाठी एक वाक्य आपण बोलायला हवं : ‘मी पंधरा दिवसांपूर्वी रानात, गवतात गेलो होतो.’

दुसरी खूण अंगावर असते. जिथं तो किडा चावला तिथं बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती खाजत नाही, दुखत नाही, आणि बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली असते. म्हणजे माणूस दाखवायला लाजतो अशाच जागी. प्रत्येक रोग्यात ती सापडते असं नाही. सापडली तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. गोचिडीपासून होणाऱ्या तापात तळहात-तळपायांवरही पुरळ उमटू शकतं. लहान मुलाला ताप आणि असं पुरळ दिसलं, की घरात कुत्रा आहे का, त्याला गोचिडी आहेत का, हेही सांगा.

गोचिडीची आणखी दोन उदाहरणं ठाऊक असावीत. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 साली माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं त्याचा विषाणू शोधला. हाच माकडताप. 2015 साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली. तिकडे भटकंतीला गेलात आणि मेलेलं माकड दिसलं, तर जवळ जाऊ नका. आरोग्य केंद्राला कळवा. दुसरं उदाहरण 2011 चं. अहमदाबाद जिल्ह्यात गोचिडीमुळे पसरणारा काँगो ताप आढळला. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. म्हणून बैलाची गोचीड काढून नखानं चिरडायची आपली सवय सोडलेली बरी.

अंगाला गोचीड चिकटलेली दिसली तर काय करायचं? रॉकेल नको, चुना नको, पेटती बिडी तर मुळीच नको. डिवचलेली गोचीड पोटातलं आपल्या रक्तात ओकण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्यानं तिला कातडीच्या अगदी लगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. जागा साबणानं धुवा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर खूण करा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर ती खूण डॉक्टरांच्या कामी येईल.

रानात जायचं बंद करा असं मी म्हणत नाही. मोह, तेंदू, गुरं हे पोटाचे धंदे आहेत, आणि नागझिऱ्यात पक्षी पाहणं हा मनाचा आनंद. फक्त बाह्या लांब असू द्या, पायजमा मोज्यात खोचा, कपडे फिक्या रंगाचे घाला म्हणजे गोचीड चटकन दिसेल. उघड्या गवतावर लोळू नका, कपडे झुडपांवर वाळत घालू नका. अंगाला लावायचं कीटकरोधक मलम मिळालं तर वापरा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंग घासून अंघोळ करा. कानामागं, केसांत, काखेत, कमरेभोवती, गुडघ्यामागं बघा. मुलांचं अंग आईबापांनी बघावं. घराभोवतीचं गवत कापा, उंदीर वाढू देऊ नका.

हे सारं करूनही ताप आलाच, तर दवाखान्यात तापाबरोबर आपलं रानही सांगा. कुठे गेलात, कधी गेलात, काय चावलं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. एवढं एक वाक्य कुणाचा तरी जीव वाचवू शकतं.