दिवे घाट चढणारं बळ

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

  

आजच्या आनंदाच्या दिवशी मला तुमच्याशी थकव्याविषयी बोलायचं आहे. बावीस-तेवीस वर्षांची मुलं इतकी दमलेली पाहणं मला सहन होत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेसाठी दिवसदिवस मान खाली घालून बसलेली मुलं मी पाहतो. हिंजवडीच्या कोंडीत दुचाकीवर अडकलेले तुमच्याहून चार वर्षांनी मोठे पदवीधर पाहतो. ते रविवारच्या आशेवर जगतात, रविवारी दुपारपर्यंत झोपतात आणि सोमवारी पुन्हा तेवढेच दमलेले असतात. झोप हवीच, तिला पर्याय नाही. पण हा थकवा नुसत्या झोपेनं जाणारा नाही. अंग एका जागी आणि मन भलतीकडे, ही ओढाताण कामापेक्षा जास्त दमवते. अभ्यास करताना निकालाची धास्ती, जेवताना फोन, नोकरीत असताना पुढच्या नोकरीचा विचार. आपण कुठेच पुरते नसतो.

याला उत्तर आहे आणि ते दरवर्षी पुण्याच्या रस्त्यांवरून चालत जातं. पंढरीच्या वारीसाठी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबा माउलींची पालखी निघते. पुण्यात माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो, तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. दोन रात्री राहून माउलींची पालखी हडपसरमार्गे सासवडला निघते. सुमारे तीस किलोमीटरची ही चाल साऱ्या वाटेवरच्या मोठ्या टप्प्यांपैकी एक, त्यात दिवे घाटाची चढण. आणि हा टप्पा बहुधा एकादशीला येतो. म्हणजे चाल सर्वांत कठीण त्या दिवशी उपवास! डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली, साठी ओलांडलेली बाई तो घाट चढते, वर पोचते आणि फुगडीही घालते. तिच्या घरी पेरणीची चिंता असते, कर्ज असतं, गुडघे दुखत असतात. तरी हे बळ येतं कुठून?

श्रद्धेतून, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते खरंच आहे. पण ज्यांची विठ्ठलावर श्रद्धा नाही त्यांनीही वारीची घडण बारकाईनं पाहावी. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली, तीत दिवसाचा प्रत्येक प्रहर भरलेला आहे. पहाटे काकडा, चालताना त्या त्या वाराचे ठरलेले अभंग, मुक्कामावर समाजआरती, रात्री कीर्तन. पंढरी अजून किती लांब, हे मोजत बसायला सवडच नाही. तोंडात अभंग, कान मृदंगाकडे, हातात टाळ आणि पाय त्याच ठेक्यावर. माणूस सगळाच्या सगळा तिथे असतो.

त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट चालते. भेटेल त्याला ‘माउली’ म्हणायचं आणि त्याच्या पाया पडायचं. तो वयानं लहान असला तरी. एक वाकला की दुसराही वाकतो. पेठांमध्ये कुणी चपला शिवून देतो, कुणी दाढी करून देतो, कुणी डॉक्टर सुजलेले पाय तपासतो, कुणाच्या घरी पिठलं-भाकरी शिजते. घेणारा देणाऱ्याला नमस्कार करतो आणि देणाराही घेणाऱ्याला. दिवसातून कित्येकदा हे घडतं. आपण एकटे चालत नाही आहोत, हे वारकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

याच शहरातल्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या इरावती कर्वे वारीला चालत गेल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहात तो आहे, जरूर वाचा. वारीत त्यांना मिळालेला आनंद त्या लेखात आहे. आणि त्याच वाटेवर ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणं वेगळी होत होती, याची बोचही आहे. त्यांनी दोन्ही पाहिलं आणि दोन्ही लिहिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. वारीतल्या त्या नमस्कारामागची कृतज्ञता म्हणजे जे आहे ते गोड मानून घेणं नव्हे. जो पुरता हजर असतो, त्याला खुपणारंही दिसतं. उद्या तुमच्या कामाच्या ठिकाणी तुमची किंवा दुसऱ्या कुणाची पिळवणूक होत असेल, तर आभार मानत गप्प बसू नका.

वारीतलं ते बळ वारीबाहेरही दिसतं. इरावतीबाईंचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याकडे पाहा. 1900 साली त्यांनी काढलेला विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला गेला, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. दिवसा कॉलेज, मग पुण्याहून हिंगण्याला चालत जाऊन मुलींना शिकवणं आणि परत चालत पुणे. पावसात चिखल तुडवत. आज त्याच वाटेवर आपण सिग्नलला वैतागतो. लहानसहान वर्गणी मागत ते दारोदार फिरले. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1936 साली, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं नवं काम हाती घेतलं. शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं आणि 1962 साली, 104 वर्षांचे असताना, ते गेले. अशा माणसाकडे शक्तीचा वेगळा साठा असतो, असं मी मानत नाही. हातातल्या कामात आणि समोरच्या माणसात ते गुंतलेले होते, आणि त्यांचं बळ तिथूनच रोज नवं होत होतं.

मी तुम्हाला ध्यानाचा वर्ग लावा, असं सांगणार नाही. लावलात तर उत्तमच. मी त्याहून साधं मागतो आहे. जेवताना जेवा. चालताना झाडं पाहा. या शहरात अजून बरीच उरली आहेत. ज्याच्याशी बोलत असाल त्याच्याकडे पाहून बोला. आणि आपला दिवस कुणाच्या कष्टावर उभा आहे, हे रोज एकदा आठवा. पालखी पुढे गेली की दुसऱ्या दिवशी पहाटे महापालिकेचे सफाई कामगार पेठा झाडून काढतात. त्यांची छायाचित्रं पालखीइतकी कुणी काढत नाही.

तुमच्यासाठीही असे हात राबले आहेत. परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत तुमचं ताट झाकून ठेवणाऱ्या खानावळीतल्या मावशी, वसतिगृहाचे पहारेकरी काका, हरवलेलं ओळखपत्र शोधून देणारे ग्रंथालयातले शिपाई. यांतल्या किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत? आज पदवी घेऊन बाहेर पडलात की आधी त्यांच्याकडे जा, नाव विचारा आणि त्या नावानं आभार माना. आणि येत्या ज्येष्ठात पालखी पुण्यात येईल तेव्हा एक दिवसाची रजा काढा, फोन पिशवीत ठेवा आणि वारकऱ्यांबरोबर दिवे घाट पायी चढा.