स्त्रीवाद : गैरसमज आणि वास्तव

(आरे कॉलनी येथील महिला मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



‘स्त्रीवाद’ हा शब्द उच्चारला की अनेक सुसंस्कृत घरांत कपाळाला आठ्या पडतात. पुरुषद्वेष, स्वैराचार, मोडलेले संसार आणि पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वास्तविक त्याचा गाभा साधा आहे. स्त्री ही प्रथम माणूस आहे. मान, निर्णय आणि मालकी यांत तिचा वाटा पुरुषाइतकाच असला पाहिजे.

हा विचार परका आहे काय? शब्द परका असेल, आशय नव्हे. आरेची दुग्धवसाहत १९४९ सालची; येथील वारली पाडे त्याहून जुने. वारली परंपरेत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्री. भिंतीवर लग्नाचा चौक रेखाटतात त्याही सवाशिणीच. स्त्रियांनी पौरोहित्य करावे की नाही, हा शहरी समाजातील वाद. वारली मांडवात तो अधिकार परंपरेनेच स्त्रीकडे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जो दोष स्त्रीच्या माथी मारला जातो तो पुरुषात नसतो काय, हा त्यांचा रोखठोक सवाल मराठी मातीतूनच उमटला होता.

स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष, हा दुसरा गैरसमज. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना सावित्रीबाईंसमवेत जोतीराव उभे होते. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले ते महर्षी कर्वे यांनी. लढा पुरुषाशी नाही, अन्यायाशी आहे.

स्त्रीवादाने कुटुंब मोडते, हा तिसरा. वर्ध्याच्या लक्ष्मीबाई केळकर तरुण वयात विधवा झाल्या. मुलाबाळांचा संसार सांभाळत त्यांनी १९३६ च्या विजयादशमीला राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. कर्तृत्व आणि कुटुंब यांत वैर नाही, याचा याहून जवळचा दाखला कोणता?

आता थोडे आत्मपरीक्षण. नवरात्रात नऊ दिवस देवीची आराधना करणाऱ्या घरांत वडील गेल्यानंतर काय घडते? हक्कसोडपत्र पुढे येते आणि बहिणीला राखीची आठवण करून दिली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हेही ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कायदा बदलला, ओटीवरची रीत मात्र तीच राहिली. स्वेच्छेने केलेला त्याग वंदनीय खरा. परंतु नाते तुटण्याच्या भीतीने केलेली सही त्याग नव्हे. शिवाय अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत नाही. म्हणजे जी वारली भगिनी मांडवात लग्न लावते, तिच्या लेकीला या कायद्याचा आधारही नाही. हिंदू समाज एक आहे असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवून कसे चालेल?

स्त्रीला देवी म्हणणे सोपे आहे. देवीला देव्हारा पुरतो. माणसाला वाटा लागतो. पुढच्या वेळी घरात कागद पुढे येईल, तेव्हा भावानेच म्हणावे, “ताई, सही करू नकोस. हे घर तुझेही आहे.” त्या एका वाक्यात स्त्रीवादाचा अर्थ आहे, आणि राखीचाही.