आरशांतला डाव

बुद्धिबळाचा डाव सुरू होण्यापूर्वीं दोन्ही सैन्यें आरशांतल्या प्रतिबिंबासारखीं समोरासमोर उभीं असतात. ‘इंग्लिश प्रारंभा’चा समरूप प्रकार हें प्रतिबिंब आणखी कांहीं काळ टिकवूं पाहतो. पांढऱ्यानें वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें सारावें, काळ्यानेंहि तेंच करावें. १८४३ मध्यें इंग्रज खेळाडू स्टॉन्टन यांनीं हा प्रारंभ वापरला, त्यावरून हें नांव. असल्या डावांत रक्त सांडत नाहीं, असा समज आहे. तो किती फसवा, हें १९९४ सालीं स्पेनमधील लिनारेस येथें दिसून आलें.

पांढऱ्या बाजूस ४२ वर्षांचे अनातोली कार्पोव्ह होते. समोर १८ वर्षांचा बल्गेरियन तरुण वेसेलिन टोपालोव्ह. आदल्या वर्षीं गॅरी कास्पारोव्ह जागतिक संघटनेपासून वेगळे झाले होते व तिचें विजेतेपद टिमन यांना हरवून कार्पोव्ह यांनीं मिळविलें होतें. कास्पारोव्हना न हरवितां लाभलेल्या मुकुटाचें मोल काय, हा प्रश्न त्यांच्या पाठीशीं होता. आणि कास्पारोव्ह याच स्पर्धेंत खेळत होते!

पहिली खेळी वजिराच्या प्याद्याची झाली, परंतु प्याद्यांच्या अदलाबदलीनंतर डाव समरूप प्रकारांत शिरला. सतरा खेळ्यांपर्यंत मोठी चकमक नव्हती. अठराव्या खेळीस कार्पोव्हनीं घोडा प्याद्याच्या तोंडीं दिला व बदल्यांत उंट घेतला. विसाव्या खेळीस त्यांच्या हत्तीनें काळ्या राजाचें प्यादें टिपलें. तो हत्ती मारतां येत होता. पण मारतांच राजापुढील आवरण फाटलें असतें. टोपालोव्हनें उलट वजिरावर हत्ती रोखला. तेव्हां तोच पांढरा हत्ती राजापुढच्या प्याद्यावर कोसळला आणि शह दिला! हत्ती गेला, मोबदल्यांत एकंदर दोन प्यादीं व एक घोडा हातीं आला, आणि राजा उघड्यावर पडला. अठ्ठाविसाव्या खेळीस दुसरा हत्तीहि त्यांनीं उंटासाठीं दिला. एकोणचाळिसाव्या खेळीनंतर टोपालोव्हनें डाव सोडला, तेव्हां पांढऱ्याजवळ पांच प्यादीं होतीं. काळ्याजवळ एकहि नव्हतें.

१३ डावांत ११ गुण मिळवून, एकहि डाव न हरतां, कार्पोव्हनीं स्पर्धा जिंकली. कास्पारोव्ह व शिरोव्ह अडीच गुणांनीं मागें राहिले. पराभूत तरुणहि २००५ मध्यें जागतिक संघटनेचा विजेता झाला.

कार्पोव्हची ख्याति सावधपणाबद्दल होती. संयमी गृहस्थानें वर्षानुवर्षें राखलेली पुंजी योग्य प्रसंगीं एका हातानें उधळावी, तसा हा डाव आहे. घरीं पट असेल तर तो मांडून पाहा, आणि विसाव्या खेळीपाशीं क्षणभर थांबा. तो हत्ती आपण मारला असता काय?