ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी गाडी जिवापाड जपणाऱ्यांनो, ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंदावतो का? बल्ब बदलून, फ्यूज बदलूनही फरक नाही? मग सगळं वायरिंग उपसण्याआधी, कृपा करून, दिव्याचं अर्थिंग तपासा. दिव्यांचा करंट गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. होल्डरचा स्क्रू गंजला की ती वाट अडते आणि करंट शेजारच्या दिव्यातून घुसतो. कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्टही जास्तच. स्क्रू काढा, तांबूस गंज पॉलिश पेपरने पत्रा चकचकेपर्यंत घासा. पावसाळ्यात पुन्हा गंज चढू नये म्हणून स्क्रू आवळून वर पेट्रोलियम जेलीचं बोटही फिरवा.