मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका
(सावदा येथे प्रौढांच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



आज डोळ्यांविषयी बोलायचे आहे. तुम्ही मोठ्या वयात वाचायला शिकलात. अक्षर आता ओळखीचे झाले. पण वर्गात आम्ही पाहतो, कोणी पुस्तक हातभर लांब धरतो, कोणी खिडकीकडे सरकतो, तर कोणी म्हणतो, "अक्षर येते हो, पण दिसत नाही."

पुस्तक लांब धरणाऱ्याला बहुधा चष्मा पुरतो. ती चाळिशी. पण काहींना चष्मा लावूनही सगळीकडे धुके दिसते. रात्री समोरून मोटार आली की तिचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. आकाशात एका चंद्राचे दोन-तीन चंद्र दिसतात. अशा माणसाला मोतीबिंदू असण्याचा संभव फार. २०१५ ते २०१९ या काळात आपल्या देशात पन्नाशीपुढच्या लोकांच्या डोळ्यांची पाहणी झाली. त्यात जे आंधळे आढळले, त्यांतल्या १०० पैकी ६६ जणांची दृष्टी मोतीबिंदूने गेली होती. म्हणजे ऑपरेशन झाले असते तर यांतले बहुतेक जण पाहू शकले असते! ही गोष्ट आम्हांला फार लागते.

मोतीबिंदू म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. डोळ्यात काळी बाहुली असते. तिच्यामागे एक लहानसे भिंग असते. चपट्या वाटाण्याएवढे. देवाने ते काचेसारखे आरपार केलेले आहे. वय झाले की ते हळूहळू गढूळ होते. अंड्यातला पांढरा भाग कच्चा असताना आरपार दिसतो आणि शिजला की पांढरा होतो, तसेच काहीसे. (आपल्याकडे पुष्कळ घरांत अंडे शिजत नाही, पण पाहिले तर असेलच.) भिंग गढूळ झाले की उजेड आत पोचत नाही. बाकीचा डोळा चांगला असतो, नुसती काच मळलेली असते. ती मळलेली काच काढायची आणि नवी बसवायची, एवढेच ते ऑपरेशन. थेंब घालून किंवा मध घालून मोतीबिंदू विरघळत नाही. तसे औषध अजून निघालेले नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. आम्ही रुग्णांना दवाखान्यात नेण्याचे काम करतो. घरोघर जाऊन सांगतो, "आबा, चला." तर आबा म्हणतात, "अजून पिकला नाही. पिकू दे."

हे पिकण्याचे बोलणे आले कुठून? ते खोटे नव्हते, जुने होते. आपल्या आजोबांच्या काळी भिंग नुसते काढून टाकत. नवे बसवत नसत. मग डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा लागे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. तो नाकावरून उतरला की माणूस पुन्हा आंधळा. वस्तू मोठ्या आणि जवळ दिसत. पायरी कुठे आहे ते कळत नसे. असला चष्मा घेण्यापेक्षा थोडे दिसते आहे तोवर थांबा, असे डॉक्टरच सांगत. शिवाय त्या काळच्या हत्यारांनी पिकलेला मोतीबिंदू सोपा निघे. तो सल्ला त्या काळाला बरोबर होता.

पण आता पद्धत बदलली. आणि तुम्हांला तर हे समजायला नको. वर्षानुवर्षे तुमची केळी वॅगनीत बसून दिल्लीला गेली आहेत. झाडावर घड पिवळा होऊ देऊन मग कापतो असे कोणी करते का? पिकलेला घड वाटेत सडेल. तो हिरवा असताना, भरला की कापायचा. मोतीबिंदूचेही आता तसेच आहे. कामाला अडचण होऊ लागली, सुईत दोरा जाईना, नोट ओळखू येईना, रस्ता ओलांडताना भीती वाटू लागली, की तीच वेळ.

थांबले तर काय होते? पिकता पिकता भिंग कडक होते, मग ते काढायला मोठी चीर लागते. काहींचे भिंग आतल्या आत फुगते, नाहीतर पाझरते. त्याने डोळ्यातला दाब एकदम वाढतो. डोळा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात. त्या दाबाने डोळ्यामागची शीर मरते. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते. शीर मेल्यावर गेलेली नजर कोणी परत आणू शकत नाही.

तापीकाठच्या गावातल्या एका मायला आम्ही तीनदा बोलवायला गेलो. पहिल्या वेळी ती म्हणाली, मृगबाग लागू दे. दुसऱ्या वेळी नातीचे लग्न निघाले. तिसऱ्या वेळी कांदेबागेला मजूर मिळत नव्हते. सून शेतात, मुलगा शेतात, मायला नेणार कोण? केळीला काही रविवारची सुट्टी नसते, हे आम्हांलाही ठाऊक आहे. मग एका रात्री मायचा उजवा डोळा दुखू लागला. घरच्यांना वाटले, डोके दुखते, बाम लावा. दोन दिवस बाम लावला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी दाब उतरवला, मग ऑपरेशन केले. दुखणे थांबले, पण त्या डोळ्याला आता उजेडसुद्धा कळत नाही. डावा डोळा मात्र पुढच्याच महिन्यात वेळेवर झाला, आणि तो चांगला आहे. माय म्हणते, "एक डोया गेला रे भाऊ, पन एक वाचला." ती हसून म्हणते. मुलाला मात्र त्यावर हसता येत नाही.

नवे भिंग बसवण्याची युक्ती कोणाला सुचली, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडन शहरात हॅरॉल्ड रिडले नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात विमान चालवणाऱ्यांच्या डोळ्यांत विमानाच्या छपराचे तुकडे घुसत. ते छप्पर काचेचे नसे, काचेसारख्या प्लॅस्टिकचे असे. रिडले यांनी पाहिले की हा तुकडा डोळ्यात राहिला तरी डोळा चिडत नाही. पुढे एकदा ते मोतीबिंदू काढत असता एका विद्यार्थ्याने विचारले, "भिंग काढले, मग दुसरे का बसवत नाही?" असे सांगतात. साधा प्रश्न! पण तो विचारणारा भेटावा लागतो. १९४९ साली रिडले यांनी त्याच प्लॅस्टिकचे भिंग घडवून एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. त्या पहिल्या रुग्णाच्या भिंगाचा नंबर फार चुकला, लांबचे पाहायला जाड चष्मा लावावा लागला. म्हणून आता ऑपरेशनच्या आधी यंत्राने डोळा मोजतात आणि ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे भिंग घेतात. शेजाऱ्याचा जोडा आपल्या पायाला कसा बसेल?

ही भिंगे पुष्कळ वर्षे परदेशातून येत आणि महाग पडत. १९९२ पासून तमिळनाडूत मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅब कारखान्यात ती बनू लागली, आणि गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचली. १९९४ ते २००२ या काळात सरकारने जागतिक बँकेकडून कर्ज घेऊन मोतीबिंदूची मोठी मोहीम चालवली. तिच्यातल्या सात राज्यांत आपला महाराष्ट्र होता.

आता ऑपरेशन कसे होते ते सांगतो, कारण भीती तिथेच आहे. पुष्कळांना वाटते, डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात, धुतात आणि परत बसवतात. हे साफ खोटे. डोळा जागचा हलत नाही. आधी साखर आणि रक्तदाब तपासतात. साखर वाढलेली असेल तर थांबवतात. रागावू नका, ते तुमच्याच भल्यासाठी आहे. मग थेंब घालून बाहुली मोठी करतात. डोळ्याजवळ सुई देतात, किंवा नुसत्या थेंबांनी डोळा बधिर करतात. सुई टोचते, हे आम्ही लपवत नाही. त्यानंतर दुखत नाही. तोंडावर कापड, वर मोठा दिवा. चाकू दिसत नाही. उजेड दिसतो, रंग हलतात, डोळ्यावर गार पाणी पडल्यासारखे वाटते. डॉक्टर बोलतात ते ऐकू येते. एक आजोबा सांगत होते, "डॉक्टर नि नर्स जेवणाच्या डब्याच्या गोष्टी बोलत होते, मग मले वाटलं, फार अवघड काम नसंल." मोठी अडचण नसेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होते. चीर इतकी लहान की बहुधा टाकाही लागत नाही. डोके मात्र हलवायचे नाही. खोकला आला तर आधी सांगायचे.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. त्या वेळी आम्ही मुद्दाम जवळ उभे राहतो. कोणी काही बोलत नाही, नुसते पाहते. बऱ्याच जणांना पांढरा रंग निळसर वाटतो. भिऊ नका. इतकी वर्षे पिवळट काचेतून पाहिले, आता खरा पांढरा दिसला. एका मायने घरी येऊन तांदळाचे सूप घेतले आणि खडे वेचू लागली. तिला वाटत होते, गेली दोन वर्षे आपणच तांदूळ निवडतो. आता पाहते तर केवढे तरी खडे! मग कळले की सून रोज तिच्यामागून गुपचूप पुन्हा निवडत होती. एका बाबांना शेताच्या बांधावरून सातपुडा दिसला. ते म्हणाले, "मले वाटलं व्हतं, यंदा धुकंच लई हाय."

सगळ्यांचे असे होत नाही, तेही सांगितले पाहिजे. ज्याला साखरेचा आजार जुना आहे, त्याचा मागचा पडदा खराब झालेला असतो. नवी काच बसवली तरी भिंतीवरचे चित्रच पुसलेले, त्याला काय करणार? एका गृहस्थांना आम्ही नेले होते. त्यांना चालण्याफिरण्यापुरते दिसू लागले, वाचता काही आले नाही. डॉक्टरांनी हे त्यांना आधीच सांगितले होते, म्हणून ते रागावले नाहीत. तुम्हीही आधी विचारा, "ऑपरेशन केल्यावर मला किती दिसेल?" विचारायला लाजू नका. काहींना वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धुरकट दिसते. लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. नव्या भिंगामागची पातळ पिशवी मळते. ती लेसरच्या किरणांनी काही मिनिटांत साफ करतात, कापावे लागत नाही.

आणखी एक बोलणे ऐकू येते. "फुकटचे ऑपरेशन म्हणजे हलके." डॉक्टर तात्याराव लहाने यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे. शेतकऱ्याच्या घरातले. १९९५ साली त्यांच्या आईने त्यांना आपले मूत्रपिंड दिले, म्हणून ते वाचले. त्यानंतर त्यांनी लाखाहून अधिक डोळ्यांची ऑपरेशने केली, आणि त्यांचे बहुतेक आयुष्य मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयातच गेले. आनंदवनात जाऊन त्यांनी कुष्ठरोग्यांचे डोळेही दुरुस्त केले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा सरकारी म्हणून नाक मुरडू नका. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यांत आणि काही सेवाभावी संस्थांत हे ऑपरेशन विनामूल्य होते. जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. एक लक्षात ठेवा. पूर्वी शाळेत, मंडपात ऑपरेशने होत. आता शिबिरात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशन दवाखान्यातच करतात. कोणी शाळेच्या खोलीत करतो म्हणाला, तर उठून घरी या.

ऑपरेशन हिवाळ्यातच करावे असेही नाही. उन्हाळ्यात चालते, पावसाळ्यात चालते. घरी आल्यावर मात्र सांभाळायचे. औषधाचे थेंब चार-सहा आठवडे घालावे लागतात. थेंब घालणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, चुलीच्या धुरात बसू नये. केळीचा घड उचलायचा नाही, डोक्यावरही घ्यायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर बागेत धुळीत जायचे नाही. आणि डोळा दुखू लागला, लाल झाला, पू आला, किंवा दिसत होते ते कमी झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्यावर टाकू नये, बाम लावत बसू नये.

दोन्ही डोळे एकदम करत नाहीत. एक आधी, दुसरा काही आठवड्यांनी.

वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. नवे भिंग बहुधा लांबचे पाहण्यासाठी बसवतात. त्याने सातपुडा दिसतो, पण पुस्तक वाचायला जवळचा चष्मा लागतो. "ऑपरेशन करूनही चष्मा लागला, म्हणजे बिघडले," असे समजू नका. हा चष्मा पातळ असतो. तो करायला घाई मात्र करू नये. डोळा बरा होईपर्यंत नंबर बदलत राहतो. महिना-दीड महिना झाला, डॉक्टरांनी नंबर लिहून दिला, की मग चष्मा करावा आणि पुस्तक घेऊन वर्गाला यावे.