कॅनडांतील फ्रेंच घराण्यांचीं नांवें

सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं शांप्लें यानें सन १६०८ मध्यें क्वेबेक वसविलें. पुढील दीडशें वर्षांत फ्रान्समधून येऊन तेथें कायमचे राहिलेले लोक दहा हजारांच्या आसपासच होते. आज त्यांचे वंशज लाखांनीं मोजावे लागतात. माणसें थोडीं, आडनांवें थोडीं, आणि पाळण्यांतलीं नांवें तर त्याहून थोडीं! पुढें पुढें अशी चाल पडली कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलग्यास आधीं ‘जोसेफ’ व मुलीस ‘मारी’ हें नांव लागावयाचें, मग धर्ममातापित्यांपैकीं एकाचें, आणि शेवटीं घरांत हांक मारावयाचें. एखादें मूल दगावलें, तर त्याचेंच नांव पाठच्या भावंडास देत. तेव्हां नोंदवहींत जोसेफ सांपडला म्हणजे पणजोबा सांपडले असें समजणारा हटकून फसतो.

त्यांत भर ‘दी’ची. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘म्हटलेला’, म्हणजे आपला ‘ऊर्फ’. सन १६६५ मध्यें कारिन्यां-सालिएर नांवाची पलटण क्वेबेकला उतरली आणि तिच्यांतील सुमारें चारशें लोक तेथेंच राहिले. फ्रेंच सैन्यांत शिपायास टोपणनांव असे: कोणी ला फ्लर, म्हणजे फूल; कोणी सां-सूसी, म्हणजे बेफिकीर. शिपायाचा शेतकरी झाला, तरी टोपणनांव सुटलें नाहीं. पुढें एका मुलानें बापाचें आडनांव चालविलें, तर दुसऱ्यानें टोपणनांवच आडनांव केलें. सख्ख्या भावांचीं आडनांवें दोन, आणि नातवंडांस एकमेकांची ओळख नाहीं!

या गुंत्यांत वाट दाखवितात त्या स्त्रिया. त्या समाजांत विवाहित स्त्री बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत प्रत्येक कागदावर माहेरच्याच आडनांवानें नोंदली जाई. लग्नाच्या नोंदींत बहुधा वधूवरांच्या आईबापांचीं नांवें असत, आणि आयांचीं तीं माहेरचीं. म्हणून लग्नावरून लग्नावर पाऊल ठेवीत मागें जातां येतें. सन १६६३ ते १६७३ या काळांत राजानें स्वखर्चानें पाठविलेल्या सुमारें आठशें स्त्रियांचा माग आजही लागतो, तो यामुळेंच. सन १६६७ च्या फ्रेंच राजाज्ञेनें नोंदवही दोन प्रतींत ठेवण्याचा नियम केला. एक चर्चमध्यें, एक न्यायकचेरींत. सन १७६३ च्या तहानें प्रांत इंग्रजांकडे गेला, तरी पाद्री लिहीतच राहिले. त्या वह्यांवरून सिप्रिएन तांगे या धर्मोपदेशकानें सन १८७१ ते १८९० या अवधींत सात खंडांचा वंशकोश छापला. एवढें काम एका माणसाचें, यावर विश्वास बसत नाहीं.

वाट खरी अडते ती सरहद्दीपलीकडे. सन १८४० ते १९३० या दरम्यान सुमारें नऊ लाख लोक पोटासाठीं अमेरिकेंत उतरले, त्यांतील पुष्कळसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तेथें लब्लांचा व्हाइट झाला, र्‍वाचा किंग, बुआव्हेरचा ग्रीनवुड. भाषांतर चोख, पण घराणें हरवलें!

अशाच एका गिरणीगांवीं, लोवेल येथें, सन १९२२ मध्यें जॅक केरुअॅक हा कादंबरीकार जन्मला. मूळ पुरुष ब्रिटनीचा, एवढें त्यास ठाऊक होतें. त्याच्या शोधार्थ तो सन १९६५ मध्यें फ्रान्सला गेला, ग्रंथालयांत धुंडाळलें, आणि रिकाम्या हातीं परतला. सन १९६९ मध्यें तो वारला. त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं संशोधकांनीं दाखविलें कीं, तो पूर्वज ब्रिटनींतील एका नोटरीचा मुलगा. त्याचें कुलनांव ल बिआं, आणि केरव्होआक हें केवळ जमिनीवरून लागलेलें उपपद. कॅनडांत आल्यावर तो आपलें नांव निरनिराळ्या तऱ्हांनीं सांगत असे. सन १७३२ मध्यें काप-सें-इन्यास येथें त्याचें लग्न झालें. नवरीचें नांव लुईझ बेर्निए. तें मात्र तिच्या बापाचेंच होतें.