आक्कांची मनी

आज बचतीचा विषय नाही, मांजराचा आहे. हसू नका. आपल्या महाड-पोलादपूरकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला, आणि मागे वाडीत म्हातारी आणि तिचं मांजर. आमच्या गटातल्या आक्कांची मनी अशीच, तेरा वर्षांची. गटाचं भात आणि नाचणी आक्कांच्या पडवीत असते. उंदरांचा बंदोबस्त मनीकडे, म्हणजे ती आम्हा सगळ्यांचीच.

गेल्या थंडीत मनी खंगली. सारखं पाणी प्यायची, तोंडाला वास, अंग चाटणं बंद. मांजर दुखणं लपवतं. ओरडत नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणून आम्हाला उशिरा कळलं. एकीने तापाची पॅरासिटामॉलची गोळी आणली होती, वेळेवर अडवली. ती गोळी मांजराला विष आहे. एका गोळीनेही जीव जातो.

टोपलीत घालून एसटीने महाडला नेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी झालीत, बरी होणार नाही म्हणाले. कातडीखाली सलाईन दिलं तर काही दिवस आराम पडेल. पुढे खाणं, उठणं थांबलं तर कायमचं झोपवण्याचं इंजेक्शन देता येईल.

परतताना चवदार तळ्यापाशी बसलो. एकजण म्हणाली, माणसाला औषध मिळत नाही आणि मांजरावर खर्च? तेव्हा बौद्धवाडीच्या काकू बोलल्या, "ह्या पाण्याला कुत्र्यामांजराने तोंड लावलेलं चालायचं, आमच्या आज्याला बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं पाणी प्यायलं ते त्याचसाठी. पण राग करायचा तर बंदी घालणाऱ्यांचा. मुक्या जनावराने काय केलंय?" मग प्रत्येकीने वीस-वीस रुपये काढले. गटाच्या खात्याला हात लावला नाही.

खरा वाद घरी आल्यावर झाला. इंजेक्शन म्हणजे मारणंच ना? मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे आपण सगळ्या ऐकत आलोय. मुलगा फोनवर म्हणाला, पोत्यात घालून लांब सोडून द्या. आपल्याकडे हेच चालतं. पाप हाताला नको, म्हणून मासळीबाजारात नाहीतर नदीपलीकडे सोडायचं. तिथे ते तहानेने मरतं, नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी जातं. आपल्याला दिसत नाही, एवढंच. जनावराला असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. गांधीजींनीही १९२८ मध्ये साबरमती आश्रमात तळमळणाऱ्या वासराला डॉक्टरकडून इंजेक्शन देववलं होतं आणि लोकांचा राग ओढवून घेतला होता. हे सांगितलं तर आक्का म्हणाल्या, "त्यांचं वासरू होतं. माझी मनी आहे." आम्ही गप्प बसलो.

मग कॅलेंडरवर खुणा सुरू केल्या. आज खाल्लं का, स्वतः उठली का, आक्कांच्या हाकेला मान वळवली का. बरा दिवस गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. सलाईन द्यायला डॉक्टरांनी आमच्यातल्या एकीला शिकवलं. पहिले दिवस टिंबंच जास्त होती, एकदा तर तिने सुकटीचा तुकडाही खाल्ला. बाराव्या दिवसानंतर सलग तीन फुल्या आल्या.

आक्का तयार झाल्या. पण मुलगा शनिवारी येणार होता, तोवर थांबू म्हणाल्या, आणि आम्हीही माना डोलावल्या. ते दोन दिवस आमचे चुकले. मनीला पाणीही गिळवत नव्हतं. मुलगा आलाच नाही.

रविवारी डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आक्कांच्या मांडीवर काही मिनिटांत ती गेली. डोळे उघडेच राहतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून दचकलो नाही. हे काम डॉक्टरांचंच. घरी कुणी विष घालू नये. विहिरीपासून लांब खोल खड्डा करून पुरली, वर दगड ठेवले.

आक्का अजून मधूनच काशीचं विचारतात. काय उत्तर द्यावं कळत नाही, आम्ही शेजारी बसतो.

पडवीत उंदीर झालेत. कुणाकडे पिल्लू असेल तर कळवा, पण आक्का हो म्हणेपर्यंत ठेवून घ्या.